पाण्याची विजार

या, जवळ या. तिकडे दाराशी नका बसू. रस्त्यावरून गाडी गेली की माझं अर्धं बोलणं तिच्याबरोबर निघून जातं. मशीनच्या या बाजूला बसा, तो कापडाचा गठ्ठा सारा खाली. हां, असं. आता एक गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, आणि मध्येच कुठे घसा दाटला तर तोही दाटू द्या. मला कीर्तनाची भारी ओढ. बुवा कुठेही उभे राहोत, मी आपला पुढच्या ओळीत. आणि चांगल्या कीर्तनाची खूण मला एवढीच कळते, की उठताना आपण हसत होतो की रडत होतो ते नीट सांगता येत नाही. मला ते जमेल की नाही, देव जाणे. त्याचंच नाव घेऊन सुरुवात करतो.

तर मी शिवणकाम करतो. लोक मला मास्तर म्हणतात. माझ्याबद्दल तुम्ही काही ऐकलं नसेल तर एवढं ऐका: माझ्या हातची शिवण आजवर उसवलेली नाही! कापड विरेल, काखेत फाटेल, आतला माणूस वाळून अर्धा होईल, पण शिवण जागच्या जागी. हे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. न येणाऱ्यांना माझी बायको सांगते, पण ती वेगळ्या सुरात सांगते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, अगदी माझ्या उलट. त्याला गाता येत नव्हतं, चारचौघांत बोलता येत नव्हतं. मी कीर्तनाला ओढून नेलं तर पहिल्याच आळवणीला त्याला झोप लागायची. त्याला एकच गोष्ट यायची, ती म्हणजे पाट.

पाट म्हणजे काय ते शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. वर ओढ्याला दगडांचा छोटासा बांध आहे. तिथून निघालेली मातीची चारी एकेका शेताला पाणी पाजत खाली येते. वरचं पहिलं शेत पैलवानाचं. पैलवान म्हणजे तरुणपणी एकदा कुस्ती जिंकलेला आणि तेव्हापासून जेवत असलेला माणूस. मग बाकीच्यांची शेतं. मग एक रेताड पट्टा, आणि त्याच्या पलीकडे, अगदी टोकाला, दादाचा तुकडा. पाणी आळीपाळीनं मिळतं. ज्या दिवशी ज्याची पाळी, त्या दिवशी सगळा पाट त्याचा.

दादा दुसऱ्यांच्या पाळीलाही पाटावर असायचा. बांधाची फळी उघडली की हा पाण्याच्या पुढे चालायचा. म्हणजे अगदी खरोखर पुढे. मागून पाणी येतंय आणि हा अनवाणी पायांनी चारीचा तळ तुडवत, वाकून एखादं भोक बुजवत, डुलत डुलत निघालाय. एखाद्या मोठ्या माणसाला रस्ता दाखवत न्यावं तसा. आम्ही हसायचो. आम्हाला वाटायचं, याला चिखलात खेळायची हौस आहे, वय झालं तरी गेली नाही.

थंडी सरत आली आणि दादा गेला. छातीत कळ आली असणार. पाटाच्या कडेला बसला, तो बसलेलाच सापडला. पाय चिखलात होते.

आता गोष्ट इथून सुरू होते. जाण्याआधी दादानं मिरचीचं बी टाकलं होतं. रोपं वर आली तेव्हा तो नव्हता. वहिनींनी ती एकटीनं उपटून शेतात लावली. मदतीला गेलेल्या माझ्या बायकोला त्यांनी परत पाठवलं. वहिनी रडल्या नव्हत्या. आलेल्या-गेलेल्यांना चहा द्यायच्या, दिवसभर शेतात असायच्या. रडायचं जणू त्यांनी पुढच्या पाळीवर टाकलं होतं.

आणि पाणी येईना. पाणी रेताड पट्ट्यात शिरायचं आणि तिथंच मुरायचं. पैलवान म्हणाला, पाट म्हातारा झाला, दादाबरोबर तोही गेला. सगळ्यांनी माना हलवल्या. वहिनी डोक्यावरून हंडे आणून रोपांच्या बुडाशी ओंजळ ओंजळ घालत राहिल्या. त्यावर रोपं मरत नव्हती, पण जगतही नव्हती.

वहिनींचे थोरले भाऊ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मालाची ट्रक चालवतात. ते येऊन बसले, आणि बहिणीला म्हणाले की एकटीनं इथे काय करणार, सामान बांध, माझ्याकडे चल. वहिनी म्हणाल्या, "रोपं उभी आहेत तोवर मी इथे आहे. ती गेली की तू म्हणशील तिथे येते." अण्णांनी शेताकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, मग लवकरच येतो.

इथे मी उठलो. मला राहवलं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "मातीतून पाणी आणायचं म्हणजे आधी मातीला पाजायचं. मी पाण्याला बाही शिवतो. एका टोकानं पाणी आत, दुसऱ्या टोकानं तुमच्या मिरचीत. वाटेत एक थेंब सांडला तर मला मास्तर म्हणू नका."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला मास्तर नाही म्हटलं तर मिरची जगेल का?"

पण मी पेटलो होतो. मंडपवाल्याकडून जुन्या ताडपत्र्या आणल्या. जाड, मेण पाजलेल्या, वरून ओतलेलं पाणी खाली न सोडणाऱ्या. गळ्यात टेप अडकवून पाटावर गेलो आणि चारीचं माप घेतलं: घेर, उंची, वळणापाशी कंबर. वर सवयीनं दोन बोटं सैल सोडली. पाण्याला श्वास घ्यायला नको का?

बायकोनं विचारलं, काय शिवताय. मी सांगितलं. ती धुणं पिळत होती, ती थांबली. "बादलीला कधी शिवण असते का?" एवढंच म्हणाली आणि परत पिळायला लागली. मी म्हणालो, बादली शिवणाऱ्याला कुणी विचारलं नसेल.

दुकानात काम सुरू झालं. पायाखाली मशीन, तोंडात देवाचं नाव, आणि बाही वाढतेय. आधी ती टेबलावरून उतरली. मग दाराबाहेर गेली. मग शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीखालून पलीकडे निघाली. लोकांच्या लग्नाचे कोट तसेच खुंटीला. न्हाव्यानं पहिल्या दिवशी विचारलं, ही विजार कुणाची. दुसऱ्या दिवशी विचारलं, त्या हत्तीला एकच पाय आहे का. झालं, तेव्हापासून तिचं नाव विजारच पडलं.

थोडा भाग तयार झाल्यावर मी एक टोक बांधून आत बादली ओतली. कापडातून एक थेंब आला नाही. शिवणीतून मात्र बारीक बारीक मोती यायला लागले. दुसरा कुणी घाबरला असता. मी घाबरलो नाही. शिवण कमी पडतेय तर शिवण वाढवा, यात अवघड काय? मी वरून दुसरी ओळ मारली. जास्त गळायला लागलं. मी तिसरी मारली. मग मात्र मनाशी म्हटलं, कापड नवीन जागेला बिचकतंय, बसेल हळूहळू. आणि राहिलेल्या सगळ्या विजारीला पहिल्यापासूनच चार ओळी मारल्या. कसूर ठेवायची नाही.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. बादलीचं तेवढं बोलून माझी बायकोही पुढे काही म्हणाली नव्हती. टाका म्हणजे भोक, हे तीस रुपयांच्या सुईला कळत होतं, ती चालवणाऱ्याला कळत नव्हतं.

तिकडे न्हाव्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं, मास्तर मोठी ताडपत्री शिवतायत. गिऱ्हाईक दूधवाला. तो घरोघर जातो. दोन दिवसांत ठरलं, की मास्तर वहिनींचं सामान झाकायला ताडपत्री शिवतायत, म्हणजे वहिनी निघाल्या. पैलवान मनानं चांगला, पण त्याच्या चांगुलपणाला दम धरवत नाही. तो तडक वहिनींकडे गेला आणि म्हणाला, जाताच आहात तर जमीन मलाच कसायला द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका, मी दादाचा मान ठेवीन.

वहिनी त्या दुपारी दुकानात आल्या. पायरीवरच उभ्या राहिल्या.

"भाऊजी, मला पाठवायचं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय का? तसं असेल तर तोंडानं सांगा. मी आपणहून बांधते सामान. ताडपत्री शिवून नका सांगू."

मी विजारीचं एक टोक उचलून त्यांना दाखवलं आणि दुसरं टोक न्हाव्याच्या दुकानापलीकडे होतं तिकडे बोट केलं. म्हणालो, "वहिनी, ही दोन्हीकडून उघडी आहे. हिच्यात सामान ठेवलं तर पलीकडून रस्त्यावर पडेल."

त्यांनी विजारीत हात घातला. कोपरापर्यंत. आतून कापड चाचपलं. मग म्हणाल्या, "त्यांच्या सदऱ्याची बाही तुम्ही कायम आखूड करायचात. ते तुम्हाला कधी बोलले नाहीत. घरी येऊन दुमडून घ्यायचे, म्हणजे आखूड आहे ते दिसू नये."

त्या गेल्या, आणि मी विजारीची राहिलेली शिवण घालायला बसलो.

पुढची पाळी वहिनींची होती. ही वाया गेली तर त्यापुढची येईपर्यंत मिरची टिकणार नव्हती. ते मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं. मी सकाळीच हातगाडीवर विजार घालून पाटावर गेलो. मागून बघे. रेताड पट्ट्यात चारीचा तळ उंचसखल, आणि कडेनं काळ्या चिकण मातीचे वाळलेले ढीग. दादानंच थंडीत तळ्यातून पाट्या भरभरून आणून टाकले होते. कशाला, ते कुणाला माहीत नव्हतं. मला ते आडवे येत होते. मी ते फावड्यानं चारीत ढकलले, सपाट केले आणि त्यावर विजार अंथरली. म्हटलं, दादा, तेवढं अंथरूण तरी झालं.

एवढ्यात अण्णांची ट्रक आली. मोकळी. दूधवाल्याची बातमी त्यांच्या गावापर्यंत पोचली होती. खाली उतरून त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मास्तर, सामान झाकायचीही सोय केलीत, फार बरं केलंत. माझी ताडपत्री फाटलीये."

मी म्हणालो, अण्णा, जरा थांबा, आधी ही पाणी पिणार आहे.

वहिनी पलीकडच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. विजारीचं तोंड त्यांनी दोन्ही हातांनी मिरचीच्या पहिल्या सरीवर धरलं. मी वरून हात केला. पैलवानानं फळी उघडली.

पाणी आलं. विजारीत शिरलं. ती फुगली, हलली, अजगरासारखी पुढे सरकली. माझी छाती तिच्याबरोबर फुगली! आणि मग पहिल्या शिवणीतून एक कारंजं उडालं. मग शेजारून दुसरं. मग चारही ओळी जाग्या झाल्या. जिथे जिथे टाका, तिथे तिथे कारंजं, सुईच्या टोकाएवढं, पण माणसाच्या उंचीचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती आतषबाजी. पैलवान बघायला वाकला तो तोंडावर भिजला. न्हावी दुकान बंद करून आला होता, तो म्हणाला, विजार एवढी मोठी केलीत आणि नाडा विसरलात. लोक पोट धरून हसले. मी इकडे हातानं एक भोक दाबतोय, तिकडे ढोपरानं दुसरं, आणि पाणी माझ्या कानात. शिवण, सांगायला हरकत नाही, एकाही ठिकाणी उसवली नाही.

पलीकडे वहिनी विजारीचं तोंड धरून उभ्याच होत्या.

मी धावत गेलो. विजारीच्या टोकातून पाण्याची करंगळीएवढी धार आली, त्यांचा तळवा ओला झाला, आणि थांबली. त्या तळव्याकडे बघत राहिल्या. पाणी होतं तेवढं त्यांनी वाकून एका रोपाला घातलं. लोकांचं हसणं थांबलं, पैलवान वर जाऊन फळी लावून आला. अण्णांनी ट्रकच्या मागची फळी पाडली. तो आवाज मला अजून आठवतो.

"चल, ताई," ते म्हणाले. अण्णा मोठे, पण बहिणीला ताईच म्हणतात. रागानं नाही म्हणाले.

विजार खाली ठेवून वहिनी पाटाच्या कडेनं वर चालायला लागल्या. मला वाटलं, घराकडे निघाल्या. मध्येच थांबल्या. मी अंथरलेली विजार एका बाजूला ओढली आणि खाली बघितलं. चारीचा सगळा तळ चिखल झाला होता. दादाची काळी माती, माझ्या चार ओळींचं पाणी. लोण्यासारखी झाली होती.

त्यांनी चपला काढल्या. चारीत उतरल्या.

"हा असाच वाळला तर भेगा पडतील," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून, कळलं नाही. "तुडवायला हवा." आणि तुडवायला लागल्या. दोन पावलं, चार पावलं. मग तिथेच उभ्या राहिल्या. "रोज संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन यायचे. मी रोज ओरडायची. म्हणायची, घरात आणू नका तो. बाहेर धुऊन या."

आणि वहिनी रडल्या. चिखलात उभ्या राहून, हात लोंबते सोडून, दादा गेल्यापासूनचं सगळं. कुणी त्यांना गप्प केलं नाही. फक्त रडतानाही पाय थांबले नाहीत, खालचा चिखल दाबत राहिले.

रेतीवर काळी माती तुडवून बसवली की पाणी मुरत नाही, आणि ते दादा एकटाच करत होता. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, आमचा पाट चांगला आहे. पाट कधीच चांगला नव्हता हो. दादा चांगला होता.

माझी बायको पहिली उतरली, लुगडं खोचून. मग मी. मग पैलवान, त्याचं एक पाऊल म्हणजे आमची चार, आणि तो घसरून बसला तेव्हा तर एक अख्खा खळगा एका दमात बसला. न्हावी उतरला, दूधवाला उतरला. हसायला आलेले सगळे ओळीनं चारीत. पण पावलं जुळेनात, एकमेकांच्या पायांवर पडायला लागली. तेव्हा मी गायला लागलो. काय गायलो? देवाचं नाव, दुसरं मला येतं काय. माझ्या पायांना मशीनचा ठेका सवयीचा, तो त्या नावाला लागला, आणि मागे सगळ्यांचे पाय लागले. आयुष्यभर कीर्तनं ऐकली, पण असं मागे उभं राहून धरलेलं नाम मी ऐकलं नव्हतं. शेवटी बघतो तर अण्णा पँट दुमडून मधोमध उभे, आणि आम्हाला सांगतायत, कडेला जास्त दाबा, कडेला.

ऊन उतरताना पैलवानानं परत फळी उघडली. पाणी आलं, रेताड पट्ट्यापाशी जरा घुटमळलं, आणि पुढे निघालं. त्याच्या पुढे वहिनी चालत होत्या. अनवाणी, खाली बघत, मध्येच वाकून एखादं भोक बुजवत. आम्ही सगळे कडेला उभे होतो. कुणी हसलं नाही.

पाणी मिरचीत गेलं. खोटं कशाला सांगू, निम्मी रोपं तोवर गेलीच होती. दादाच्या हातचं बी, निम्मं गेलं. उरलेली दुसऱ्या सकाळी मान वर करून उभी होती. वहिनी एकेक गेलेलं रोप उपटून पदरात घेत होत्या, आणि मी दुरूनच परत फिरलो.

अण्णा त्याच संध्याकाळी मोकळी ट्रक घेऊन गेले. जाताना बहिणीला परत चल म्हणाले नाहीत. मला म्हणाले, मास्तर, ही विजार टाकूनच देणार असाल तर मी नेतो, उभी कापून मालावर टाकीन. मी म्हणालो, न्या, न्या, मजबूत आहे. आता आम्ही दर हंगामाआधी सगळे मिळून तळ्यातली काळी माती आणतो आणि पाट तुडवतो, मी गातो. आणि अण्णांचा निरोप आला होता. एका खेपेला वाटेत पावसाची सर लागली आणि विजारीखालची सगळी साखर भिजली. निरोपात पुढे होतं: मास्तरांना सांगा, शिवण मात्र एकही उसवली नाही.

झाली माझी गोष्ट. उठा, पाय आखडले असतील. आता देवाच्या नावाबरोबर एवढं एक मागणं मागतो. कुठे मातीच्या चारीतून पाणी हळूहळू पुढे येताना दिसलं, तर क्षणभर थांबा, आणि त्याच्या पुढे अनवाणी चालणाऱ्या आमच्या दादाची आठवण काढा. बाही आखूड असेल. लक्ष नका देऊ, ती मीच शिवलेली आहे.